लांबच्या प्रवासासाठी जुनी जीप, ट्रक किंवा मोटार सांभाळणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९८९ सालची महिंद्रा एमएम ५४० ही डिझेल जीप आणि १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट मोटार आहे. या दोन्ही गाड्या मी लांबच्या प्रवासासाठीच ठेवल्या आहेत, त्यामुळे अशी गाडी घेऊ पाहणारे किंवा वाडवडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणू पाहणारे लोक तेच ते प्रश्न विचारत असतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. जुन्या गाडीने दूर जायचे असेल तर तिची ताकद वाढवण्यापेक्षा ती कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी करून घेणे आणि तिच्यावरचे ओझे कमी ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते, हे माझे मत या उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल.

माझी गाडी ५० वर्षांहून जुनी आहे. तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करावी का?

प्रवास करायचा असेल तर करू नये. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि चासी (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ती मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये असे ठरवण्यात आले, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते, नेहमीच्या वापरासाठी नाही. माझी फियाट वयाने या नोंदणीला पात्र आहे, तरीही मी तिची जुनी साधी नोंदणी दर वेळी नूतनीकरण करून चालू ठेवली आहे. तिला सजवून उभी करायचे असते तर मी उलट निर्णय घेतला असता.

पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, हे खरे आहे का?

खासगी गाडीच्या बाबतीत नाही. पहिल्या नोंदणीची १५ वर्षे संपल्यावर आरटीओकडून तपासणी करून घ्यावी लागते, आणि गाडी योग्य ठरली तर नोंदणी ५ वर्षांनी वाढते, पुढेही दर ५ वर्षांनी तसेच. महाराष्ट्रात यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये वाढले असून २० वर्षांवरील गाड्यांवर त्याचा भार जास्त आहे, म्हणून चालू दर पाहूनच गाडीचा सौदा करावा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली आणि तोच नियम सर्वांना लागू आहे असा समज पसरला. त्या भीतीपोटी चांगल्या स्थितीतल्या कितीतरी जीपगाड्या मोडीत गेल्या, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दिल्ली परिसराची, म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्राची, गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंदीचे आदेश दिले, आणि त्यानंतर अंमलबजावणीचे स्वरूप अनेकदा बदलले. महाराष्ट्रातून लडाखला जाताना मी त्या वाटेला जातच नाही. अहमदाबाद, जोधपूर, बिकानेर, भटिंडा, अमृतसर, पठाणकोट, जम्मू हा मार्ग मला सोयीचा वाटतो. राजस्थानातील अलवर व भरतपूर आणि हरियाणातील बरेच जिल्हे राजधानी क्षेत्रातच मोडतात, हे मार्ग आखताना लक्षात ठेवावे.

कोणती गाडी घ्यावी?

जिचे सामान तालुक्याच्या गावात मिळते आणि जी तेथील मिस्त्रीला उघडता येते, ती घ्यावी.

महिंद्राने १९४७ च्या सुमारास मुंबईत विलीस जीप जुळवायला सुरुवात केली आणि त्याच वंशातली एमएम ५४० पुढे प्यूजोच्या २,११२ सीसी डिझेल इंजिनासह आली. ती गोंगाट करते, ताशी ६०-६५ किलोमीटरच्या पुढे नेली की थकते, पण त्या वेगात दिवसभर न कुरकुरता चालते. मारुती जिप्सी १९८५ मध्ये ९७० सीसी इंजिनावर आली, नंतर तिला १,३०० सीसी इंजिन मिळाले. ती वजनाने हलकी आहे आणि लष्कराने ती मोठ्या संख्येने वापरल्यामुळे उत्तरेत तिचे भाग आणि जाणकार दोन्ही सापडतात. मागे बसणाऱ्यांचे मात्र तिच्यात हाल होतात. अँबॅसडर उत्तरपाडा येथील कारखान्यात १९५७ च्या सुमारापासून २०१४ पर्यंत बनत राहिली. कुटुंबासह पठारावरून जाण्यासाठी तिच्याइतकी आरामशीर जुनी गाडी दुसरी नाही. कुर्ल्यात बनलेली फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, इंजिनाने गोड आहे, परंतु तिचे पोट जमिनीला जवळ असल्याने कच्च्या रस्त्यावर जपून न्यावी लागते.

ज्यांना गाडीतच राहायचे आहे त्यांनी टाटा ४०७ पाहावी. हा छोटा ट्रक १९८६ मध्ये आला आणि आज देशात असा हमरस्ता नाही जेथे त्याचा क्लच किंवा ब्रेक दुरुस्त करणारा भेटणार नाही. पहिलीच जुनी गाडी घेणाऱ्या एकट्या-दुकट्याला मी जिप्सी सुचवतो.

खरेदीपूर्वी नेमके काय पाहावे?

रंग आणि सीट शेवटी पाहावेत. प्रथम आरसी पुस्तकातील चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरील कोरलेल्या नंबरांशी अंक-अंक जुळवावेत. चासी नंबरावर रंगाचे जाड थर असतील तर विकणाऱ्याच्या देखत ते काढायला सांगावे, आणि त्याने नकार दिला तर तेथूनच परत फिरावे. त्यानंतर गाडीखाली शिरून चासीवर, विशेषतः स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट जोडले आहेत तेथे, लहान हातोडीने ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणीत वाजते, तर गंजून पोखरलेले बद्द वाजते आणि कधी कधी हातोडीचे टोक आत जाते. कोकणात वाढलेल्या गाडीत हे हमखास आढळते. इंजिन पुन्हा बोअर करता येते, गियरबॉक्स उघडता येतो, पण वाकलेली आणि सडलेली चासी दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये.

लष्कराच्या लिलावातील जोंगा किंवा मोठा ट्रक घ्यावा का?

जोंगा या लष्करी जीपचे नाव जबलपूरच्या आयुध कारखान्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडले. निसानच्या 'पॅट्रोल' या गाडीच्या आराखड्यावर, जवळपास चार लिटरच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनासह ती तेथे बनत असे. चालवायला ती विलक्षण सुंदर आहे, परंतु लिटरला चार-पाच किलोमीटरच देते, म्हणून पुष्कळ मालकांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवले. तो बदल आरसीवर नोंदलेला नसेल तर गाडी घेऊ नये, आणि लिलावातून सुटल्याची मूळ कागदपत्रे हाती नसतील तर पहिली नोंदणीच अडते. शक्तिमानसारख्या मोठ्या ट्रकला अवजड वाहनाचा परवाना लागतो. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेल्या ४०७ सारख्या वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना चालतो.

ट्रकमध्ये झोपण्या-स्वयंपाकाची सोय स्वतः करता येईल का?

सुटे सामान ठेवणे वेगळे आणि बॉडीत कायमचा बदल करणे वेगळे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपाविरुद्ध फेरफार करता येत नाही, आणि मालवाहू म्हणून नोंदलेल्या ट्रकच्या हौद्यात माणसे बसवून नेणे नियमात बसत नाही. त्यामुळे आधी आरटीओत जाऊन वाहनाचा वर्ग बदलून घेण्याची वाट विचारावी, मगच सुताराला बोलवावे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

वजनाचा हिशेब कागदावर मांडावा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात प्लायवुडची कपाटे, दोन बॅटऱ्या, गॅसची शेगडी आणि सिलिंडर मिळवल्यावर आकडा फार लवकर वाढतो. जड वस्तू खाली आणि दोन्ही आसांच्या (ॲक्सलच्या) मधे ठेवाव्यात. टपावर बिछाने आणि दोरखंड यांखेरीज काही ठेवू नये, कारण उंच आणि जड टप वळणावर गाडीला बाहेर ओढतो.

जुन्या इंजिनांना आजचे पेट्रोल चालते का?

चालते, पण तयारी करावी लागते. देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. इंजिनाच्या बिडाच्या हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) व्हॉल्व्हच्या बैठकी थेट कोरलेल्या असतील तर शिशाशिवाय त्या सतत जास्त वेगात चालवल्याने झिजतात आणि टॅपेटचे अंतर कमी कमी होत जाते. हेड उतरवायची वेळ येईल तेव्हा एग्झॉस्टच्या बैठकी कठीण धातूच्या बसवून घ्याव्यात. एकदाच करायचे काम आहे.

इथेनॉलचा त्रास रोजचा आहे. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल जुन्या रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कॉर्कची पॅकिंग हळूहळू मऊ करते, आणि टाकीत ओल असेल तर पाण्यासह इथेनॉल तळाशी बसते. मी फियाटच्या सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या बसवल्या, पंपाचा पडदा बदलला आणि टाकीनंतर पारदर्शक फिल्टर लावला. त्या फिल्टरमध्ये तपकिरी गाळ दिसला की टाकी आतून गंजते आहे हे समजते. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

उन्हाळ्यात घाट चढताना गाडी बंद पडते. काय करावे?

आधी इंजिन खरोखर तापले आहे की पेट्रोलची वाफ झाली आहे हे ओळखावे, कारण दोन्हींचे उपाय निराळे आहेत. तापमानाचा काटा मध्यावर असूनही इंजिन आचके देत बंद पडले आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू झाले, तर ती वाफ समजावी. इंजिनाला लागून बसवलेला जुना पंप तापतो, नळीतले पेट्रोल उकळते आणि पंपाला वाफ खेचता येत नाही. पूर्वी कसारा घाटात मे महिन्यात फियाटवाले पंपावर ओले फडके गुंडाळताना दिसत, आणि तो उपाय आजही लागू पडतो. कायमचा इलाज हवा असेल तर पंप आणि इंजिन यांच्या मधली बेकेलाइटची जाड चकती जागेवर आहे का ते पाहावे. अनेक मिस्त्री ती काढून साधे पॅकिंग लावतात. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर वळवावी.

काटा खरोखर वर गेला असेल तर रेडिएटर, पंख्याचा पट्टा, पाण्याचा पंप आणि इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) या क्रमाने शोध घ्यावा. मागे पडलेल्या टायमिंगमुळे इंजिन तापते हे लोक विसरतात आणि नवा रेडिएटर घालून बसतात. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडची सवयही मला मान्य नाही, कारण त्याशिवाय सकाळच्या थंडीत इंजिन लवकर गरम होत नाही आणि सिलिंडर अधिक झिजतात. वाफ येत असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

लडाखच्या उंचीवर जुने इंजिन टिकते का?

टिकते, पण त्याच्याकडून घरच्या रस्त्याइतकी अपेक्षा ठेवू नये. टर्बो नसलेले इंजिन दर हजार मीटरला साधारण दहावा हिस्सा ताकद गमावते. लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून थोडा कमी असतो, तर ५,००० मीटरच्या वरच्या खिंडींत तो जवळपास निम्मा होतो. कार्ब्युरेटर मात्र पेट्रोल पूर्वीइतकेच सोडू पाहतो, मिश्रण दाट होते, प्लग काजळून काळे पडतात आणि गाडी गुदमरल्यासारखी चालते. मी फियाटसाठी एक माप लहान मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे छिद्र) काडेपेटीत घालून नेतो आणि कारगिलला पोहोचल्यावर बदलतो. टायमिंगही अगदी थोडे पुढे घेतो. परतताना दोन्ही पूर्ववत करणे विसरू नये, कारण पातळ मिश्रणावर सपाटीला गाडी दामटली तर पिस्टन जळतो.

डिझेल जीप तेथे काळा धूर सोडते आणि सकाळी उठायला कुरकुरते. थंड इंजिन चालू व्हायला मदत करणारे हीटर प्लग चारही चालू आहेत का, हे पुण्यातच तपासावे, कारण सपाटीच्या उबेत दोन बंद असले तरी कळत नाही. हिवाळ्यात साधे डिझेल गोठते, म्हणून इंडियन ऑईलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले. पाणीही तेथे लवकर उकळते, ५,००० मीटरवर सुमारे ८३ अंशांना, म्हणून रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग नवी असावी.

श्रीनगरची वाट मला मनालीच्या वाटेपेक्षा बरी वाटते. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटर, जोजी ला (ला म्हणजे खिंड) ३,५२८, मग खाली कारगिल आणि पुन्हा फोटू ला ४,१०८ अशी उंची टप्प्याटप्प्याने मिळते आणि माणूस व यंत्र दोघांनाही ती सोसवते. मनालीकडून गेलात तर वाटेतल्या टांडी गावच्या पंपानंतर लेहच्या जवळ येईपर्यंत इंधन मिळणार नाही असेच धरून टाकी आणि डबे भरावेत.

खराब रस्त्यावर सर्वांत आधी काय तुटते?

माझ्या अनुभवात स्प्रिंगचे पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट. एका प्रवासाआधी मी एका गॅरेजात जीपचे मागचे पाटे बदलून घेतले होते. द्रासच्या पुढे जीप डावीकडे ओढू लागली आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे धरावे लागू लागले. खाली वाकून पाहिले तर मागचा आस एका बाजूने दोन बोटे मागे सरकला होता. करंगळीएवढा सेंटर बोल्ट कातरला गेला होता आणि पाटे आसाला आवळून धरणाऱ्या चारही यू-बोल्टचे नट हाताच्या साध्या जोराने फिरत होते. नवे पाटे पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट सैल पडतात, म्हणून ते पुन्हा आवळायचे असतात. गॅरेजने ते सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. एका ट्रकचालकाने आपल्या डब्यातून बोल्ट दिला, आम्ही चासी जॅकवर घेतली, पाटे शिकंजात दाबून नवा बोल्ट ओवला आणि तीन तासांत निघालो. पैसे घ्यायला त्याने साफ नकार दिला. तेव्हापासून दोन सेंटर बोल्ट आणि एक शिकंजा जीपमध्ये कायम असतो.

घाट उतरताना ब्रेक लागेनासे होतात. हे थांबवता येईल का?

बहुतेक जुन्या गाड्यांचे चारही ब्रेक ड्रमचे असतात आणि सतत दाबून ठेवले की तापून निकामी होतात. चढताना जो गियर लागला असता तोच उतरताना टाकावा, जीपमध्ये उतार फार तीव्र असेल तर छोटा गियर (फोर-व्हील ड्राइव्हचा 'लो') वापरावा, आणि ब्रेक थोडा वेळ जोराने दाबून पूर्ण सोडावा. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदलावे. ते हवेतली ओल शोषते, तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जाते. मोठ्या प्रवासापूर्वी भरल्या वजनाने पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठावे आणि त्याच दिवशी परत उतरावे. गाडीचे सगळे दोष त्या एका फेरीत बाहेर येतात.

सुटे भाग कोठे शोधावेत आणि बरोबर काय न्यावे?

पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर येथे आधी विचारावे. दिल्लीत कश्मीरी गेट आणि जीपच्या भागांसाठी हरियाणातील मंडी डबवाली प्रसिद्ध आहे. जो भाग मिळतच नाही तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दाखवून ओतून किंवा लेथवर करून मिळतो, आणि तेथील कारागिरांचा हात इतका साफ असतो की मूळ भागापेक्षा तो अनेकदा उजवा निघतो.

बरोबर न्यायच्या वस्तू ठरवताना एकच कसोटी लावावी : हा भाग रस्त्याकडेला, हाती असलेल्या अवजारांनी मला बसवता येईल का? पॉइंट, कंडेन्सर, पंख्याचा पट्टा, पंपाचा पडदा, व्हील सिलिंडरचे रबर, एक प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, रेडिएटरच्या नळ्या, डिझेल फिल्टर आणि तांब्याचे वॉशर या कसोटीला उतरतात. टायरच्या मापाचाही विचार करावा. जीपच्या ६.००-१६ मापाची ट्यूब ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही लागत असल्याने कोणत्याही शेतीच्या गावात मिळते, पण फियाटचा टायर वाटेत मिळेल या भरवशावर राहू नये.

प्रवासात रोज काय तपासावे?

सकाळी इंजिन थंड असताना ऑईल, पाणी, ब्रेक ऑईल आणि गाडीखालचे डाग पाहावेत. प्रत्येक थांब्यावर उतरल्याबरोबर चारही चाकांच्या हबजवळ हाताची पालथी बाजू न्यावी. एकच हब इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर त्याचे बेअरिंग किंवा ब्रेक अडकतो आहे. याला मिनिटही लागत नाही. दर हजार किलोमीटरला किंगपिन, शॅकल आणि शाफ्टच्या क्रॉसला जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे ग्रीस भरावे. पितळी सिंक्रो असलेल्या जुन्या गियरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचेच ऑईल घालावे. जीएल-५ मधील रसायने पितळ खाऊ शकतात.

पावसाळ्यात गाडी उभी कशी ठेवावी?

हँडब्रेक ओढून ठेवू नये, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत. डिझेलची टाकी काठोकाठ भरावी म्हणजे आत ओल धरत नाही. बॅटरीची तार काढावी, उंदरांसाठी बॉनेटखाली रोज नजर टाकावी, आणि पंधरा दिवसांनी उघडीप मिळाली की गाडी नुसती चालू न करता दहा-वीस किलोमीटर फिरवून आणावी.

विमा पूर्ण रकमेचा मिळतो का?

तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहेच. पाच वर्षांवरील आणि बनणे बंद झालेल्या गाड्यांची विमा किंमत कंपनी आणि मालक यांच्या परस्पर संमतीने ठरते. म्हणून दुरुस्तीची बिले, फोटो आणि जमल्यास मूल्यमापकाचा अहवाल जपून ठेवावा आणि किंमत बोलून घ्यावी.

जुनी गाडी घेऊन देशाबाहेर जाता येते का?

नेपाळला जाणे सोपे आहे. सीमेवर भन्सार, म्हणजे नेपाळचे सीमाशुल्क, भरून ठरावीक दिवसांचा परवाना मिळतो आणि तेवढ्या दिवसांत परतावे लागते. पुढे इराण किंवा त्याहून दूर जायचे असेल तर कार्ने हा सीमाशुल्काचा दस्तऐवज लागतो. मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन तो देते आणि त्यासाठी गाडीच्या किमतीच्या प्रमाणात हमी द्यावी लागते. प्रत्येक देशात शिरताना आणि निघताना त्यावर शिक्का बसतो. निघतानाचा शिक्का राहून गेला तर गाडी त्या देशातच विकली असे धरून हमीच्या रकमेतून शुल्क वसूल होऊ शकते. कागदावरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर तेथील अधिकारी टॉर्च लावून तपासतात, म्हणून निघण्यापूर्वी तो नंबर घासून स्वच्छ करावा आणि त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवावा.